एक हजार चोवीस

संध्याकाळी सातला मी कर्नेल बदललं.
सातशे एकेचाळीस दिवसांनी पहिल्यांदाच
ते मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं.
तेव्हा सगळं गोड होतं.

रात्री पावणेदोनला कळमन्याहून झिंगरूजी उईके:
“मॅडम, काट्याच्या पावत्याच निघून नाही रायल्या.
मिरचीच्या तेवीस गाड्या उभ्या हायेत.
काय केलं जी तुम्ही?”
“कर्नेल बदललं.”
“हां. मंग नवीन साहेब आला का असंच करते.”

स्कूटी, स्कार्फ, वर्धमाननगराच्या पुढे
फेब्रुवारीचा उरलासुरला गारठा.
फाटकापासूनच खकाणा सुरू.
भिवापुरी मिरची अंधारातही लाल असते
हे नाकाला कळतं.
मापाऱ्यांच्या ऑफिसमागे सर्व्हरची खोली,
म्हणजे एक एसी, एक तुटका स्टूल,
आणि कोणाची तरी रिकामी पोती.

स्क्रीनवर एकच वाक्य, खाली खाली सरकणारं:
टू मेनी ओपन फाइल्स.
फार उघडून बसलीस, बाई.
आता एक जरी उघडायला गेलीस तरी
नाही.

मी शिंकले. मर्यादा विचारली.
एक हजार चोवीस.
त्यातली पहिली तीन तर घरचीच,
आत येणारं, बाहेर जाणारं, आणि चुकलेलं;
त्यांना पंगतीतून कोणी उठवत नाही.
बाकी सगळ्या जागा भरलेल्या:
काटे, अडत्यांची खाती, दिवसभराच्या पावत्या,
आणि काही अशाही
की ज्या पुसून टाकल्यात कधीच
पण कोणीतरी अजून धरून ठेवल्यात.

पण मर्यादा तर मीच लिहिली होती!
नियमांच्या फाइलीत, माझ्या हातची ओळ:
पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
माझ्या खुर्चीतून विचारलं, तर मशीन तेच सांगतं.
काट्याच्या प्रोग्रामला विचारलं, तर एक हजार चोवीस.
दाखवायचे दात आणि खायचे.

जुनं कर्नेल परत लावलं.
अकरा गाड्या सुटल्या, टाळ्याबिळ्या वाजल्या बाहेर,
आणि बाराव्या गाडीला तीच रड.
म्हणजे साहेब निर्दोष होते.

मग खेमराज नंदनवारला फोन.
माझ्या आधी ह्या स्टुलावर तो बसायचा.
आता उमरेडला टाइल्स विकतो.
झोपेतून उठला, आणि लगेच आठवलं त्याला.
“अवं, अशीच मिरची आली होती ना तवा.
प्रोग्राम चालूच होता,
म्या चालत्या-चालत्या हातानं मर्यादा वाढवली त्याची.
लिहून ठेवतो म्हटलं सकाळी.
सकाळी बाबाला मेडिकलला नेलं.
मंग राहूनच गेलं.”

राहूनच गेलं.
सातशे एकेचाळीस दिवस
बाजार एका न लिहिलेल्या ओळीवर तोलला जात होता,
आणि मी माझी ओळ बघून निर्धास्त.
माझी ओळ माणसांसाठी होती, लॉगिन करून येणाऱ्यांसाठी.
काट्याचा प्रोग्राम कुठे लॉगिन करतो?
त्याला मशीनच उठवतं पहाटे, नोकरासारखं,
त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीवरून.
त्या चिठ्ठीत मर्यादेचा शब्दही नव्हता.

मी चिठ्ठीत एक ओळ घातली.
नवं कर्नेल पुन्हा लावलं, प्रोग्राम उठवला,
परत विचारलं. पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
प्रिंटर खोकला आणि बोलू लागला.

झिंगरूजींनी चहा आणला, त्यातही तिखट.
“मानला का साहेब?”
“साहेबाची चूक नव्हती जी.”
“कोणाची मंग?”
मी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली,
कोणती फाइल, कोणती ओळ, का,
सगळं लिहिलं. खेमराजचं नाव मात्र
लिहावं की नाही ह्यात पेन थोडं थांबलं.

चार वाजून दहा मिनिटं.
शेवटची गाडी काट्यावरून उतरली.
तेव्हा लक्षात आलं,
फोनवर मी त्याला ते विचारलंच नाही.
त्या सकाळी मेडिकलला नेलं,
पुढे?

मेसेज टाइप केला: बाबा कसे आहेत?
मग ‘आहेत’ खोडलं.
मग परत लिहिलं.